नसलेवाडीचे सरपंच

लातूरला सरांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा भर उन्हाळा होता, वीज गेलेली होती आणि अख्ख्या घरात एकच पंखा चालू होता. तो ज्या खोलीत होता तिथं माणूस नव्हतं. टेबलावर एक जुना कॉम्प्युटर, त्याच्या पाठीला वारा लागेल अशा बेतानं ठेवलेला टेबलफॅन, आणि सर स्वतः बाहेर ओट्यावर बनियनवर, पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेले. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, पाणी दिलं आणि मी काही विचारायच्या आत सांगून टाकलं, "इन्व्हर्टर हाय घरात. पण ते आमच्यासाठी न्हाई, ह्यांच्या गावासाठी हाय."

सर मूळचे निलंग्याकडचे. मला वाटलं, तिकडच्या घराबद्दल बोलत असतील. पण काकूंचं बोट त्या पंख्याच्या खोलीकडं होतं. गाव कॉम्प्युटरमध्ये होतं. त्याचं नाव नसलेवाडी. तिथली घरं, बाया, बाप्ये, त्यांचे खरेखोटे जबाब, सगळं सरांनी वसवलेलं. लातुरातल्या एका कॉलेजात जन्मभर संख्याशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते, आणि पीएच.डी. करणारी पोरं लांबलांबून एकच प्रश्न घेऊन त्यांच्या ओट्यावर यायची: सर, किती लोकांची पाहणी करू? त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांनी त्यांना 'नसलेवाडीचे सरपंच' असं नाव ठेवलं होतं. सरांना ते माहीत होतं. निवडणूक बिनविरोध झाली, एवढंच ते त्यावर म्हणायचे.

तर प्रश्न होता 'किती'चा, आणि सरांनी त्याला कधी आकडा दिला नाही. किती विचारलं की ते विचारायचे, कोण? कोण ते सांगितलं की म्हणायचे, काय विचारणार? तेही सांगितलं की म्हणायचे, आणि ते खरं बोलतील कशावरून? इथपर्यंत येता येता निम्मी पोरं चहा पिऊन उठायची आणि नांदेडच्या बसमध्ये बसायची. आपापल्या गाईडला विचारायची, गाईड म्हणायचे तीनशे. माझ्या गाईडनंही तीनशेच सांगितलं होतं. का, तर त्यांच्या गाईडनं तीनशे घेतले होते. त्यांच्या गाईडनं का घेतले, हे विचारायला ते आता हयात नव्हते.

मी उठले नाही याचं कारण मी फार हुशार होते असं नाही. मला गरज होती. मी मुदखेडची. वडील रेल्वेत गँगमन, घरात एम.ए. झालेली मी पहिली. भोकरच्या एका कॉलेजात सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होते, म्हणजे जूनमध्ये बोलावतात आणि परीक्षा आल्या की विसरतात. तिथं कायम जागा निघणार अशी दरवर्षी कुजबुज असायची, आणि त्या जागेला पीएच.डी. हवी होती. मला ती जागा पाहिजे होती. आई शेजारणींना आधीच सांगून बसली होती की पोरगी प्राध्यापक आहे.

माझा विषय होता लाल गोळ्या. गरोदर बाईला आशाताई रक्तवाढीच्या लाल गोळ्या आणून देतात, रोज एक. काही बाया घेतात. काही घेत नाहीत आणि तसं तोंडावर सांगतात. तिसऱ्या बाया हाव, म्हणजे हो, म्हणतात आणि घेत नाहीत. आमच्या वहिनीनं दोन्ही बाळंतपणातल्या गोळ्या अंगणातल्या कढीपत्त्याच्या बुडात पुरल्या होत्या. कढीपत्ता तरारून आला, वहिनी मात्र दवाखान्यात पांढरीफटक पडली होती. मला त्या तिसऱ्या बाया शोधायच्या होत्या. अडचण अशी की त्या कपाळावर लिहून फिरत नाहीत. चारपाच प्रश्नांच्या हो-नाहीवरून कोण कुठल्या गटातली हे ताडायचं, म्हणजे छुपे गट हुडकायचे, त्याचं एक गणित असतं. ते गणित किती बायांवर उभं राहतं, एवढंच मला विचारायचं होतं.

सरांनी काकूंकडून डाळींचे डबे मागवले. काकू म्हणाल्या, पुन्हा? सरांनी परातीत तूर ओतली, मसूर ओतली, वरून चिमूटभर काळे उडीद टाकले, हलवलं आणि मला चमचा दिला. मी एक चमचा काढला. त्यात उडीद नव्हता.

"आता तू प्रबंध लिहिशील की उडीद नसतोच," सर म्हणाले. "आन हितं उडीद काळा तरी दिसतो. तुझ्या बाया सगळ्या एकाच रंगाच्या हायत."

मग त्यांनी मला कामाला लावलं. खऱ्या गावात जायच्या आधी नसलेवाडीत जायचं. तिथं तिन्ही प्रकारच्या बाया आपणच वसवायच्या, कोण कुठली हे आपल्याला ठाऊक. मग ते विसरायचं, फक्त त्यांची उत्तरं बघायची आणि गणिताला विचारायचं, सांग गट किती. तीनशे बायांचं गाव हजार वेळा वसवायचं, पाचशेचं हजार वेळा, आणि हजारातून किती वेळा तिसऱ्या बाया हाती लागतात ते मोजायचं. तीनशेला त्या बहुतेक वेळा नाहीशाच व्हायच्या. कॉम्प्युटर म्हातारा, हजार गावं वसवायला त्याला दोन दोन दिवस लागायचे. तोवर पंखा त्याच्याकडं, आणि आम्ही ओट्यावर. आतून काकूंचा आवाज यायचा, बीपीची गोळी घेतली का? सर मान वर न करता म्हणायचे, हाव. प्रत्येक खेपेला हे ठरलेलं.

चौथा प्रश्न सरांनी घालायला लावला. लोहाच्या गोळीनं संडास काळी होते. जी रोज घेते तिला हे पक्कं माहीत असतं, जी नुसती हाव म्हणते ती इथं अडखळते. गाईड म्हणाले, असं बायकांना विचारतात का कुठं? सर म्हणाले, हा एक प्रश्न शंभर बायांचं काम करतो. आणि नसलेवाडीत त्यानं केलंच. तो घातल्याबरोबर लागणारा आकडा झर्रकन खाली आला. तरी तो किती ते सरांनी उच्चारलं नाही. पडदा माझ्याकडं फिरवला आणि म्हणाले, तूच वाच, मी वाचला तर गावभर माझं नाव सांगशील. सव्वासातशे होता.

सरांच्या मुलीच्या लग्नाची गोष्ट लातुरात सगळ्यांना माहीत होती. पत्रिका वाटल्यावर किती पानं उठतील हे त्यांनी नसलेवाडीत काढलं होतं. नक्की येणारे, येतो म्हणून न येणारे, आणि एकाला बोलावलं तर पाच येणारे, असे गट पाडून हजार वेळा लग्न लावलं. आचारी चिडला होता. जन्मात कुणी त्याला सहाशे सत्तेचाळीस पानं सांगितली नव्हती. पाहुण्यांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. फक्त वऱ्हाडाची बस औशाच्या अलीकडं बंद पडली, मुहूर्त टळला, दुपारची जेवणं दिवेलागणीला झाली आणि तोवर वरण आंबलं. सर मांडवात उभे राहून एवढंच म्हणत होते, बस धरलीच नव्हती. धरणं म्हणजे हिशेबात धरणं. त्यांच्या शब्दकोशात याहून मोठी शिवी नव्हती.

सव्वासातशे बायांना मला चौदा महिने लागले. मुदखेड आणि भोकर तालुक्यातली गावं, वाड्या, तांडे. सकाळी तास घ्यायचे, दुपारी बस किंवा वडाप धरून निघायचं. पहिले तीन प्रश्न झकास जायचे. चौथ्याला बाई पदर तोंडावर घ्यायची, नाहीतर आत भाकरी करपली म्हणून उठायची ती परत यायचीच नाही. मुदखेडजवळ एका सासूनं मला विचारलं, तुझ्या आईला असं इचारतीस का? आणि दार लावलं. माझ्यापुढं लागलेली दारं मी मोजली नाहीत. कागदावर त्या जागी कोरा रकाना सोडायचा आणि पुढच्या घरी जायचं, एवढंच ठरवलं होतं.

आता माझी अक्कल ऐका. सरांचा नियम होता की सरावासाठी केलेलं खोटं गाव खऱ्यासारखंच दिसलं पाहिजे. तेच रकाने, तीच गावांची नावं, तेवढ्याच बाया. मी नियम पाळला. माझ्या पेनड्राइव्हवर दोन फायली होत्या, एक 'अंतिम' आणि एक 'अंतिम नवी'. विद्यापीठातल्या सादरीकरणाच्या दोन दिवस आधी, तापात, मी त्यातली नवी उघडली. नवी म्हणजे चांगली, असं आपल्याला वाटतंच. तीन गट असे स्वच्छ निघाले की मी आईला उठवून सांगितलं. निघणारच की. मीच घातले होते ते.

सादरीकरणाला सर लातूरहून सकाळच्या एसटीनं आले, काकूंचा डबा आणि पाण्याची बाटली घेऊन, आणि सगळ्यात मागच्या बाकावर बसले. मी पडद्यावर तीन रंगांत तीन गट दाखवले. समितीचे अध्यक्ष म्हणाले, इतका सुबक निकाल आमच्याकडं पहिल्यांदाच बघतो आहे. गाईड स्वतःच्याच लग्नात उभे असल्यासारखे हसत होते. मग प्रश्न विचारा म्हटल्यावर मागून सर उठले.

"चौथ्या प्रश्नाला किती बायांनी उत्तर दिलं न्हाई?"

मी तक्ता बघितला. "अशी एकही नाही, सर. सगळ्यांनी दिलं."

अध्यक्ष म्हणाले, हीच तर मॅडमची मेहनत आहे. टाळ्या पडल्या. सर म्हणाले, "हाव," आणि खाली बसले.

तो हाव मी ओळखला. काकूंनी गोळीचं विचारल्यावर यायचा तोच. आणि टाळ्या चालू असतानाच मला मुदखेडची ती सासू आठवली. तिचं दार कुठं गेलं? माझ्या तक्त्यात सव्वासातशे बाया होत्या आणि एकीनंही दार लावलेलं नव्हतं. अशा शहाण्या बाया जगात एकाच गावात राहतात.  आणि मी हात जोडून सगळ्यांचे आभार मानत होते.

बसस्टँडवर सर बाकावर डबा उघडून बसले होते. मी जाऊन सगळं सांगून टाकलं, फाईल कशी बदलली ते. ते म्हणाले, ते कळलं. तुझी चूक लहान हाय, माझी मोठी. मला काही समजेना. तेव्हा त्यांनी पोळी खाली ठेवली.

"दार धरलंच नव्हतं," ते म्हणाले. "माझ्या गावात बाया दार लावतच न्हाईत. म्हणून सव्वासातशे पुरतात म्हटलं. खऱ्या गावात पुरणार न्हाईत."

त्यानंतर मी जे बोलले त्याची मला आजही लाज वाटते. भोकरची जागा एकदाची निघाली होती, मुलाखती दोन महिन्यांवर होत्या. समितीनं हिरवा कंदील दिला होता. मी म्हटलं, सर, हे कुणालाच कळणार नाही. त्यांनी मला झापायला पाहिजे होतं. मी त्याचीच वाट बघत होते. पण ते म्हणाले, हाव, न्हाई कळणार, आणि अर्धी पोळी माझ्या हातावर ठेवली. लातूरची गाडी लागली तसे उठून गेले. ती पोळी मी रुमालात बांधून घरी नेली.

खरी फाईल मी आठवडाभर उघडलीच नाही. उघडली तेव्हा सर म्हणाले होते तसंच झालं. घेणाऱ्या बाया दिसल्या, न घेणाऱ्या दिसल्या. तिसऱ्या बाया कधी दिसायच्या, कधी विरून जायच्या. ज्यांना पकडायला चौथा प्रश्न घातला होता त्याच नेमक्या त्या प्रश्नाला उठून गेल्या होत्या. मी गाईडकडं गेले आणि खरं सांगितलं. ते म्हणाले, तुला कुणी विचारलं होतं का? नव्हतं. तरी त्यांनी दुसरं सादरीकरण लावून दिलं, एवढं त्यांचं मानलं पाहिजे. तिथं मी सांगितलं की मागचा निकाल सरावाच्या फाईलवरचा होता, आणि खरा निकाल असा असा धूसर आहे. अध्यक्षांनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवून निरखले आणि मनापासून म्हणाले, मॅडम, मागच्या वेळचा जास्त सुबक होता, तोच ठेवायला काय हरकत आहे? ते चेष्टा करत नव्हते. नको म्हटल्यावर त्यांनी शेरा मारला: नमुना अपुरा, आणखी पाहणी करावी. म्हणजे जागा गेली. वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा ते फक्त म्हणाले, रूळ तुटलेला दिसला तर लाल झेंडी दाखवावीच लागती, गाडी कुणाची का असंना. आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही.

सरांचा फोन आला तेव्हा त्यांनी चार दिवस नसलेवाडीत दारं बसवली होती. काही बाया लाजणाऱ्या, काही उठून जाणाऱ्या, काही सासूच्या धाकातल्या. आणि मग त्या माणसानं ओट्यावर आलेल्या कुणासाठी कधी केली नव्हती ती गोष्ट केली. आकडा सांगितला.

"अजून चारशे लागतील," ते म्हणाले. "मी बी येतो."

मी नको नको म्हटलं. वय, ऊन, बीपी, सगळं काढलं. पण ते एका मंगळवारी भोकरच्या स्टँडवर उतरलेच, डोक्याला पांढरा रुमाल, बगलेत माझ्याच प्रश्नावलीचा गठ्ठा. हजारो गावं वसवलेला हा माणूस पाहणीसाठी खऱ्या दारापुढं पहिल्यांदाच उभा राहणार होता. त्याच दिवशी अकरा वाजता कॉलेजात त्या जागेच्या मुलाखती होत्या. आम्हाला ज्या वस्तीत जायचं होतं तिकडं कॉलेजवरूनच रस्ता जातो. फाटकाशी गाड्या लागलेल्या मी बघितल्या. सरांनीही बघितल्या. आम्ही चालत राहिलो.

पहिल्या दोन घरांत दारं लागली. दुसरं दार लागलं तेव्हा सरांच्या तोंडावर असा आनंद होता की मला त्यांचा राग आला. माझी नोकरी तिकडं वाटली जात होती आणि हे इकडं लागलेल्या दाराकडं कौतुकानं बघून राहिले होते.

तिसऱ्या घरची बाई पोटुशी होती, सातवा महिना असेल. सर ओट्यावर टेकले, प्रश्न मी विचारत होते. गोळ्या मिळाल्या का? हाव. रोज घेता का? हाव. कालची घेतली का? हाव. चौथ्याला ती अडली आणि सरांकडं बघायला लागली. मला वाटलं, परका पुरुष म्हणून. पण सरांचा चेहरा उतरला होता, ओठ पांढरे पडले होते. तिनं धावत जाऊन माठातलं पाणी आणलं, त्यांना भिंतीला टेकवलं.

"बाबा, बीपी हाय का तुम्हाला?"

"हाव."

"गोळ्या घेता का?"

"हाव," सर म्हणाले, सवयीनं.

ती तशीच त्यांच्याकडं बघत राहिली. म्हणाली, माझा सासरा बी असाच हाव म्हणतो. सरांनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. मग खिशात हात घालून गोळ्यांची पट्टी काढली. ती अख्खी होती. एकही गोळी फोडलेली नव्हती, आणि पट्टीच्या कडा खिशात राहून राहून मऊ पडल्या होत्या.

"न्हाई," सर म्हणाले. "घेत न्हाई."

काकूंचे ते सगळे आवाज माझ्या कानांत आले. तिसऱ्या गटातला माणूस दोन वर्षं माझ्यासमोर बसून मला तिसरा गट शोधायला शिकवत होता. ती बाई मात्र हसली. पोटावर हात धरून खाली बसली आणि हसत राहिली. मग डोळे पुसून मला म्हणाली, "मंग ताई, माझं बी न्हाई लिहा."

उठून ती आत गेली आणि पिठाच्या डब्यामागून गोळ्या काढून आणल्या, तीन महिन्यांच्या. म्हणाली, आधी बाबांनी घ्यायची, मग मी घेते. सरांनी घेतली. तिनंही घेतली, तोंड वाकडं करून. माझ्या हातातला पेन तयार होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा एक बाई स्वतःच्या तोंडानं मला सांगत होती की ती कोण आहे. मी दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तरावर काट मारून न्हाई लिहिणार, तोच सरांनी हात आडवा घातला.

"तिची उत्तरं तिनं आधीच दिली. हाव, हाव, हाव. नंतरचं मी पढवून घेतलं," ते म्हणाले. आवाज अजून थकलेला होता. "ते चालत न्हाई. चौथ्याला काय म्हणाली होती?"

चौथ्याला ती काहीच म्हणाली नव्हती. पाणी आणायला उठली होती. मी तीन हाव तसेच राहू दिले आणि चौथा रकाना कोरा ठेवला.